उताण्या दिवसांतली आठ बटणं

एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही, असं मला सांगितलेलं आहे. त्यामुळे हे लिखाण तुकड्यातुकड्यांत झालंय. वीस मिनिटं लिहायचं, उठून फाटकापर्यंत जाऊन यायचं, मग आडवं व्हायचं. आडवं झालं की पुढचं वाक्य आठवतं आणि पुन्हा उठावंसं वाटतं. हा स्वभाव आजाराच्या आधीपासूनचा आहे. आजारानं तो गेला नाही, उलट वाढला.

ज्यांच्या घरात कुणी मणक्याच्या टीबीनं पडून आहे, किंवा जे स्वतःच पडून आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय. यात औषधांची माहिती नाही, ती तुमचे डॉक्टर सांगतील. पडून राहणं जिला जमत नाही अशा बाईनं पडल्या पडल्या काय उद्योग केला, ते सांगायचंय. त्यातला एक उद्योग आम्हा सगळ्यांच्याच अंगाशी आला. तोही सांगणार आहे.

मी मनीषा. बेळगावात खासबागेत राहते, एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची लॅब घेते. माझा नवरा संजय निपाणीत एका पतसंस्थेत नोकरीला आहे. सकाळी साडेसातच्या बसनं जातो आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत परततो. मुलगी सई धारवाडला हॉस्टेलवर असते. म्हणजे दिवसभर घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

चप्पल

पाठ कित्येक महिने दुखत होती. लॅबमध्ये तासन्‌तास उभं राहून दुखते, असं निदान मीच केलं होतं. संध्याकाळी अंगात कणकण असायची, ती दमल्यामुळे. वजन उतरत होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडत होतं. स्टाफरूममध्ये बायका विचारायच्या, कसला डाएट करतेस. मी हसायचे.

एक दिवस कॉलेजातून येताना घरासमोर रिक्षातून उतरले, चार पावलं चालले, आणि मागून रिक्षावाल्यानं हाक मारली, "बाई, चप्पल राहिली." डाव्या पायातली चप्पल रिक्षातच राहिली होती. फरशी तापलेली होती. उजव्या पायाला चप्पल होती आणि डावा उघडा होता, पण डाव्या पायाला ना चप्पल गेल्याचं कळलं होतं, ना चटका बसला होता. मी चप्पल घेतली, घरात आले, आणि कुणालाही काही न सांगता भात लावला. दुसऱ्या दिवशी मात्र दवाखान्यात गेले.

मग एमआरआय झाला, मग पाठीत सुई घालून तुकडा काढला, मग वाट बघणं. रिपोर्ट सांगणारी डॉक्टर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. कानडी-मराठी मिसळून बोलत होती. तिनं स्क्रीन आमच्याकडं वळवली आणि मणक्याच्या दोन हाडांवर बोट ठेवलं. हाडं कुरतडल्यासारखी दिसत होती. ती म्हणाली, टीबी आहे. मी म्हणाले, मला तर खोकलासुद्धा नाही. हाडालाही होतो, ती म्हणाली. औषधानं बरा होतो, वर्षभर तरी घ्यावं लागेल. पण आतल्या नसांवर दाब आलाय, पाय वाचवायचा तर निदान सहा आठवडे उताणं पडून राहायचं.

"उठायचं नाही म्हणजे उठायचं नाही," ती म्हणाली. "बाथरूमलासुद्धा."

संजयनं विचारलं, घरात कुणाला लागेल का. तिनं सांगितलं, फुप्फुसं साफ आहेत, कुणाला काही होणार नाही. त्यानं थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारलं. त्यानं दोनदा विचारलं हे माझ्या मनात राहिलं. बाहेर स्ट्रेचरची वाट बघताना तो हळूच म्हणाला, बाहेर आपण मणक्याची गादी सरकलीय असं सांगूया. मी लगेच हो म्हणाले. लपवायला मीही तेवढीच तयार होते, हे कबूल करायला हवं.

अकरा दिवस

हॉस्पिटलात माणूस स्वतःच्या वेळापत्रकावर नसतो. सकाळी गोळ्या, मग अंग पुसणं, मग कूस बदलणं. मला एकटीनं कूस बदलायची परवानगी नव्हती. तिघी यायच्या, एक खांद्याला, एक कमरेला, एक पायाला, आणि ओंडका फिरवावा तशा एकदम फिरवायच्या. मुख्य सिस्टर म्हणायची, "निधान री, निधान." सावकाश, सावकाश. मला सावकाश या शब्दाचाच राग यायला लागला होता.

गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी समजले की आता मूत्रपिंडही गेलं. आयाबाईनं भांडं उचलता उचलता सांगितलं, सगळ्यांचं असंच असतंय बाई. एवढ्यानं छातीवरचा दगड उतरला. तुम्हालाही कुणी सांगितलं नसेल तर आता ऐका, ते औषधामुळे असतं.

भांड्याची लाज तीन दिवस वाटली. चौथ्या दिवशी ती लाज कुठं गेली कळलं नाही. त्या जागी दुसरं काहीतरी आलं, चीड म्हणा. माझ्या हातांना सवय मीटरची, सोल्डरिंगची, फळ्यावर सर्किट काढायची. ते हात चादरीवर नुसते पडलेले. मी छतावरच्या भेगा मोजल्या, पंख्याच्या कपॅसिटरचा आवाज ऐकून तो कधी जळेल याचा अंदाज बांधला, शेजारच्या बाईच्या सलाईनचे थेंब मोजले. सातव्या दिवशी त्याच आयाबाईनं मानेखाली प्लॅस्टिक पसरलं, खाली बादली ठेवली आणि माझे केस धुतले. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोमट पाणी कानामागून गेलं तेव्हा मी रडले. त्या अकरा दिवसांत रडले ते तेवढंच.

अजून काय

घरी बाहेरच्या खोलीत माझी खाट मांडली. संजय निघायच्या आधी सगळं हाताशी ठेवून जायचा, पाणी, गोळ्या, मोबाईल, ओला टॉवेल. तरी काहीतरी राहायचंच. ताप चढताना थंडी वाजायची, पंखा बंद करायला हवा. ताप उतरताना घाम यायचा, पंखा लावायला हवा. पडदा, दिवा, टीव्हीचा आवाज. प्रत्येक वेळी मी हाक मारायचे, "आत्या."

आत्या सत्तरीच्या आहेत, गुडघ्यांनी बेजार. गच्चीवरून, मागच्या अंगणातून, देवासमोरून त्या येत राहिल्या. एका सकाळी सहाव्यांदा आल्या तेव्हा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अजून काय?"

आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. पंखा कमी करायचा होता, पण मी म्हणाले, काही नाही. आणि तासभर कुडकुडत पडले.

आणखी एक गोष्ट मला खुपत होती. माझं ताट वेगळं झालं होतं. कडेला निळी रेघ असलेली ती थाळी मोरीत वेगळी ठेवली जायची, वेगळी घासली जायची. आजार खरा कोणता ते आत्यांना ठाऊक होतं.

आप्पा आले

माझे वडील, आप्पा, येळ्ळूरला असतात. अजून शेती बघतात. त्यांना आम्ही गादी सरकल्याचंच सांगितलं होतं. एका दुपारी ते न सांगता आले, आणि बरोबर एका माणसाला घेऊन आले. हा माणूस पाठ चोळून सरकलेली गादी बसवतो म्हणे. त्यानं सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि तेलाची बाटली मागितली.

मी घाबरले. कुरतडलेल्या हाडांवर त्या माणसाचा अंगठा पडला असता तर काय झालं असतं याचा विचार आजही करवत नाही. मी आप्पांना जवळ बोलावलं आणि त्या माणसादेखत सांगितलं की गादीबिदी काही नाही, मला टीबी झालाय.

आप्पा खाटेच्या कडेला बसले. त्या माणसाला त्यांनी हातानंच थांबवलं. मग म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हाय व्हय गं? मी ह्या माणसाला आणून तुला मोडली असती की."

माझं जेवण अर्धं राहिलं होतं. त्यांनी माझ्या थाळीतली उरलेली भाकरी उचलली आणि आमटीला लावून खाल्ली. जाणूनबुजून दाखवायला नव्हे, त्यांना भूक लागली होती. येळ्ळूरहून उन्हातून आले होते. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. दुसऱ्या दिवशीपासून माझं जेवण घरातल्या कुठल्याही थाळीत येऊ लागलं.

त्याच संध्याकाळी आम्ही सईला फोन करून खरं सांगितलं. ती आधी रडली आणि मग खूप रागावली. तिला मी गूगलवर वाचू नकोस म्हणाले. तिनं अर्थातच वाचलं.

आठ बटणं

"अजून काय" हे शब्द डोक्यातून जात नव्हते. मग मी ठरवलं, हाक मारायचीच नाही. घर माझ्या मोबाईलवर आणायचं. बाजारात तयार मिळतात तसले दिवे-पंख्यांचे संच मला नको होते. त्यांना स्वतःचं अॅप लागतं, त्यात दहा पानं, बारीक अक्षरं. मला उताणं पडून, एका अंगठ्यानं, ताप असताना दाबता येईल असं एकच पान हवं होतं. मोठी आठ बटणं, बाकी काही नाही. विद्यार्थ्यांकडून दरवर्षी असले प्रोजेक्ट करून घेतलेले. लॅबमधल्या एका मैत्रिणीनं लागणारं सामान आणून दिलं, वायफायवर चालणारे छोटे बोर्ड आणि रिले. रिले म्हणजे मोबाईलच्या सांगण्यावरून वीज जोडणारा-तोडणारा स्विच.

कीबोर्ड पोटावर, लॅपटॉप डाव्या हाताच्या स्टुलावर, मान वळवून मी प्रोग्रॅम लिहायला लागले. मान अवघडायची. अर्ध्या तासानं आकडे धूसर दिसायचे. तरी त्या आठवड्यात मला ताप मोजायची आठवण राहायची नाही. औषधाची मळमळ होती, पण ती दुसऱ्या कुणाचीतरी असल्यासारखी वाटायची. ज्यांना हाताला काही काम देता येईल त्यांनी द्यावं, एवढं मी ठामपणे सांगेन. मात्र ते काम संपल्यावर आपण काय करतो तेही बघावं.

पान तयार झालं. बाहेरची ट्यूब, पंखा, पंख्याचा वेग, स्वयंपाकघर, बाथरूम, गीझर, पाण्याची मोटर, फाटकावरचा दिवा. कुठलं काय किती वेळ चालू आहे तेही दिसायचं. मोबाईल सलाईनच्या जुन्या स्टँडला बांधून डोळ्यांसमोर टांगला.

वायरिंग करायला मारुती अण्णा आले. निपाणीच्या रस्त्यावरच्या काकतीचे, आमच्या घरचं सगळं वायरिंग त्यांच्याच हातचं. त्यांनी माझी आकृती बघितली आणि विचारलं, भिंतीवरची बटणं कुठं गेली. मी सांगितलं, ती काढून टाकायची. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं की माझा मोबाईल काम करणार नाही. त्यांनी सुचवलं की जिन्याच्या दिव्याला करतात तसं करू, दोन्हीकडून चालू, दोन्हीकडून बंद. त्याला जादा वायर ओढाव्या लागल्या असत्या, भिंती फोडाव्या लागल्या असत्या, आणखी तीन-चार दिवस गेले असते. मला ते आजच हवं होतं.

"बाई, भिंतीवरचं बटण मेलं न्हाय पायजे," अण्णा म्हणाले. "घरात म्हातारं माणूस हाय."

मी त्यांना ठणकावून सांगितलं की मी हेच शिकवते. अण्णा म्हणाले, व्हय, तुम्ही मास्तरीण, तुमचं बरोबर असंल. आणि मी सांगितलं तसं करून गेले. भिंतीवरची बटणं जागच्या जागी राहिली, पण निर्जीव. आत्यांसाठी एक जुना मोबाईल त्याच पानासकट स्वयंपाकघरात ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. काही लावायचं असलं की त्या बाहेर येऊन मला सांगायच्या. म्हणजे आता हाक त्यांना मारावी लागत होती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, उलट बरं वाटलं.

मी घर चालवते

पहिले चार दिवस मी खुशीत होते. मग मला सवय लागली, नुसतं बघत बसायची. गीझर वीस मिनिटं चालू, म्हणजे आत्या विसरल्या. बंद. स्वयंपाकघरात दिवा आहे आणि भांड्यांचा आवाज नाही, म्हणजे कुणी नाही. बंद. आत्या तिथं शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. एकदा त्यांनी बल्ब गेला म्हणून मारुती अण्णांना फोन केला. मी हसून सांगितलं, मी घालवला होता. त्या हसल्या नाहीत.

संजयला मी निपाणीला फोन करून सांगायचे, आज मोटर कुणी चालू ठेवली होती, फाटकाचा दिवा सकाळपर्यंत का राहिला. तो हं, हं करायचा. माझे पाय चालत नव्हते म्हणून मी सगळ्या घरात बोटानं फिरत होते. ते मदतीसाठी होतं असं मी समजत होते. खरं तर मला स्वस्थ पडवत नव्हतं आणि त्याची शिक्षा मी घराला देत होते.

ती संध्याकाळ

पाचवा आठवडा संपत आला होता. सातचा सुमार. पानावर बाथरूमचा दिवा पाऊण तास चालू दिसत होता. दुपारीही आत्यांनी तो तसाच ठेवला होता. मी विचार न करता बटण दाबलं.

आत्या तेवढ्यातच हातपाय धुवायला आत गेल्या होत्या. आमच्या बाथरूमला खिडकी नाही. दिवा गेल्यावर त्यांनी दाराबाहेर हात काढून सवयीनं भिंतीवरचं बटण दाबलं. मला ते ऐकू आलं, टक टक, टक टक. मी ते ऐकलं आणि मला काही कळायच्या आत धप्प आवाज झाला.

मी दिवा लावला. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली तेव्हा कण्हणं ऐकू आलं. शेजारच्या शोभावहिनींना फोन केला, त्या धावत आल्या, आणि दार वाजवायला लागल्या. पुढच्या दाराला आतून कडी होती. संजय अजून यायचा होता. माझ्यासमोर आठ बटणं टांगलेली होती आणि त्यातल्या एकानंही ती कडी निघणार नव्हती.

मी उठले. हे कुणीही करू नये, मी केलं ते सांगतेय एवढंच. कुशीवर झाले, पाय खाली सोडले, स्टँडला धरून उभी राहिले. पाच आठवड्यांनी उभी राहत होते. खोली फिरायला लागली. खाटेपासून दार नऊ पावलांवर आहे, भिंतीला धरून मी ती मोजत गेले. डावा पाय कुठं टेकतोय ते मान खाली घालून बघावं लागत होतं. कडी काढली आणि दाराशीच खाली बसले. वहिनी माझ्या अंगावरून उडी मारल्यासारख्या आत गेल्या.

आत्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. डोक्याला लागलं नाही, हे नशीब. मला दुसऱ्या दिवशी स्ट्रेचरवर घालून पुन्हा हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. मणका जागेवर होता, पायात फरक नव्हता. डॉक्टरनं रिपोर्ट खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता सांगितलं, आणखी तीन आठवडे उताणं.

दोन खाटा

आता बाहेरच्या खोलीत दोन खाटा होत्या. एका खाटेवर मी, दुसरीवर हात गळ्यात बांधलेल्या आत्या. संजयनं रजा काढली. तो स्वयंपाक करायचा, भांडं द्यायचा, आत्यांची वेणी घालायचा. मला तो काही बोलला नाही, आणि ते न बोलणं सहन होईना. चौथ्या दिवशी मीच म्हणाले, बोल काय ते.

तो माझ्या खाटेच्या पायथ्याशी चादर खोचत होता. म्हणाला, "मला निपाणीला जायला बरं वाटतंय, मनीषा. तिथं कोण आजारी नसतं. बसमध्ये बसलो की मी तासभर कुणाचाच कोण नसतो. आणि परत येताना काकती आली की छातीत धडधडाय लागतंय, आज काय झालं असंल म्हणून."

आत्या ऐकत होत्या. आपण आजारी पडतो तेव्हा घरातल्या माणसालाही काहीतरी होतं, आणि त्याला कुणी गोळ्या लिहून देत नाही. मी त्याला म्हणाले, रजा संपली की जा, रविवारी पण कुठंतरी जाऊन येत जा. त्यानंतर तो रविवारी सकाळी दोन तास बाहेर पडायला लागला. कुठं जातो ते मी आजवर विचारलेलं नाही.

आत्यांची मी माफी मागितली. त्या छताकडं बघत म्हणाल्या, पडले ते पडले. मग म्हणाल्या, "तू हाक मारायचीस तेचा मला राग नव्हता गं. तुझी हाक सारखीच असायची. पंखा असू दे न्हायतर पाय गेलेला असू दे. मला कळत नव्हतं. म्हणून दरवेळी पळत यावं लागायचं. लई दमायला व्हायचं."

मी इतके दिवस समजत होते की त्या माझ्या कामाला कंटाळल्यात. त्या घाबरून दमल्या होत्या.

मारुती अण्णांना फोन केला. मी माझी चूक सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी विषय बदलला आणि कधी येऊ ते विचारलं. त्यांनी भिंती फोडल्या, जादा वायरी ओढल्या, आणि सगळी भिंतीवरची बटणं पुन्हा जिवंत केली. आता दिवा दोन्हीकडून लागतो, दोन्हीकडून जातो.

पान मी पुन्हा लिहिलं, या वेळी आत्यांना विचारून. बाथरूमचं बटण काढून टाकलं. माणूस ज्या खोलीत असू शकतं तिथला दिवा दुसऱ्यानं घालवायचा नाही, हा त्यांचा नियम. मोकळ्या झालेल्या जागी, आणि मोटरच्या जागी, हाकेची दोन बटणं आली. एक "आत्ता" आणि एक "सवडीनं". सवडीनं दाबलं तर स्वयंपाकघरात छोटा दिवा लागतो, आवाज नाही. आत्ता दाबलं तर घंटा वाजते. ही दोन नावं आत्यांची. मी शिकलेल्या कुठल्या पुस्तकात असलं बटण नव्हतं.

प्लॅस्टर असताना त्यांनी डाव्या अंगठ्यानं मोबाईल वापरायला सुरुवात केली. मला "सवडीनं" दाबून बोलवायच्या, आणि मी उठू शकत नाही हे आठवलं की शेजारच्या खाटेवरून माझ्याकडं बघून तोंड दाबून हसायच्या.

उभं राहणं

तीन आठवड्यांनी पाठीला पट्टा बांधून मला उभं केलं. दोन मिनिटं, मग पाच, मग खोलीच्या टोकापर्यंत. डाव्या पायाला हळूहळू कळायला लागलं. एक दिवस फरशी गार लागली आणि मी चार वेळा पाऊल उचलून पुन्हा टेकवून बघितलं. औषध अजून चालू आहे. मधेच लिव्हरचा रिपोर्ट बिघडला, दोन आठवडे गोळ्या बदलल्या, मग पुन्हा नीट झालं. पुन्हा एमआरआय व्हायचाय. त्याच्या आधीच्या रात्री मला झोप येणार नाही हे मला आत्ताच माहीत आहे. बरं होणं हे एका दिवशी होत नाही, आणि ज्या दिवशी होतं त्या दिवशी कळत नाही.

काकती

गेल्या महिन्यात मारुती अण्णांनी विचारलं, आमच्या गल्लीत एक बाई अंथरुणाला खिळून हाय, तिला तसलं पान करून द्याल का. रेखा तिचं नाव, तिशीतली. गाडीवरून पडून पाठीचं ऑपरेशन झालेलं. रविवारी संजयनं मला गाडीत मागच्या सीटवर आडवी घालून काकतीला नेलं. आजारानंतर शहराबाहेर पहिल्यांदाच निघाले होते.

रेखाची खाट मधल्या खोलीत, सगळ्या घराच्या वाटेवर. सासू, दोन जावा, मुलं, शेजारणी, सगळे तिच्याभोवती. माणसं चांगली होती. कुणी पाणी देत होतं, कुणी उशी सरळ करत होतं, कुणी तिच्या वतीनं उत्तरं देत होतं. मी खुर्चीत बसले आणि मोबाईलवर माझं पान दाखवलं. विचारलं, पहिल्या बटणावर काय ठेवूया. पंखा ठेवा, मोठी जाऊ म्हणाली. टीव्ही, मुलं म्हणाली. सासू म्हणाली, हाकेची घंटा पायजेच. रेखा चादरीची कड मुडपत होती.

मी संजयकडं बघितलं. त्याला कळलं. त्यानं मीटर कुठंय, बोर्ड कुठले कुठले आहेत, असं विचारत मारुती अण्णांसह सगळ्यांना बाहेर नेलं. खोली रिकामी झाल्यावर मी पुन्हा विचारलं.

ती दाराकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "दाराबाहेर एक लाल बल्ब लावून देता का? मी लावला की कुणी आत यायचं न्हाय."

किती वेळ, मी विचारलं.

"अर्धा तास. रडाय न्हाय हं. नुसतं एकटं पडाय."

एवढे आठवडे मी उताणी पडून घराचा दिवा न्‌ दिवा हातात घेतला होता, आणि हे मला सुचलं नव्हतं. मी मारुती अण्णांना आत बोलावलं आणि सांगितलं, पहिली वायर दाराबाहेर काढायची. बाकीचं मग बघू. लाल बल्ब गावातल्याच दुकानात मिळाला.

दुपारपर्यंत काम झालं. तिच्या सासूला मी काय ते समजावून सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, पटलं की नाही ते कळलं नाही. आम्ही बाहेर येऊन दार लोटून घेतलं, रेखानं बटण दाबलं, बाहेर बल्ब लागला. आम्ही सगळे कट्ट्यावर चहा घेत बसलो. मी उभी राहूनच प्यायले, माझी वीस मिनिटं केव्हाच संपली होती. थोड्या वेळानं धाकटी जाऊ तांब्या घेऊन उठली आणि दाराकडं निघाली.

सासूनं तिच्या पदराला धरलं.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "दिवा हाय अजून."